ट्रॅक्टर दिवाळीच्या सुट्टीत निघतो: ऊसतोड गावातल्या एका हंगामी वसतिगृहाचे प्रकरण

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली, म्हणजे धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या बाजूची गावे दसरा झाला की रिकामी व्हायला लागतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेतलेली असते. दिवाळीच्या आगेमागे ट्रक, ट्रॅक्टर दारात येतात आणि कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जातो, कोणी सोलापूर-पुण्याकडे, कोणी बेळगाव-बागलकोटला. परत येणे गुढीपाडव्याच्या सुमाराला, आणि ऊस लांबला तर एप्रिल उजाडतो. शाळेचे निम्मे वर्ष त्यात जाते.

हे प्रकरण अशा एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचे आहे. गावाचे नाव दिलेले नाही. आकडे नियोजन समजावे म्हणून नमुन्याचे धरले आहेत आणि भावही तसेच. प्रत्येकाने आपल्या तालुक्याच्या बाजारात विचारून ते बदलून घ्यावेत. शाळा पहिली ते चौथी, पट 54, शिक्षक दोन. समग्र शिक्षाचे संयुक्त शाळा अनुदान 31 ते 100 पटाला वर्षाला 25,000 रुपये मिळते. खडू, वीजबिल, दुरुस्ती आणि स्वच्छता एवढ्यातच बसवायची. त्यातून गावात मागे राहणाऱ्या मुलांचे संध्याकाळचे जेवण निघणार नाही, हे हिशेब न मांडताही कळते. 54 पैकी 41 मुले कोयत्याच्या घरातली.

शहरातले स्वयंसेवक या शाळेत बहुधा जूनमध्ये येतात, नाहीतर 15 ऑगस्टला. दप्तरे, वह्या, रंगपेटी वाटतात, फोटो काढतात आणि जातात. त्या दिवशी 54च्या 54 मुले हजर असतात. शासनाची मोजणीही तशीच होते. शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते, तेव्हा गाव भरलेले असते. डिसेंबरमध्ये ही शाळा कशी दिसते, हे कुठल्याच मोठ्या कागदावर येत नाही. पट घटला तर शिक्षक अतिरिक्त ठरण्याची भीती असते, म्हणून उसाच्या फडात असलेले मूल काही ठिकाणी हजेरीपत्रकावर मात्र वर्गात बसलेले असते. याचा दोष एकट्या शिक्षकाला देऊन भागत नाही. पण स्वयंसेवकाने कागदावरचा आकडा धरून भाकरीचे नियोजन करू नये.

यावर हंगामी वसतिगृह ही शासनाचीच योजना आहे. आईवडील गेले तरी मूल गावात राहावे, शाळा व्यवस्थापन समितीने त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या खाण्याची सोय करावी, दुपारचे शालेय पोषण आहारातून मिळावे आणि झोपायला त्याने आजी-आजोबा किंवा चुलत्याच्या घरी जावे, अशी तिची रचना. नावात वसतिगृह असले तरी बहुतेक गावांत त्याला वेगळी इमारत नसते. त्याआधी कारखान्यांवर साखरशाळा चालायच्या. बैलगाडीवाल्यांचा तळ कारखान्याजवळ महिनोन् महिने एका जागी असतो, तिथे त्या चालल्या. ट्रॅक्टरची टोळी मात्र आज या गावात तर पंधरा दिवसांनी तिसऱ्याच शिवारात असते. तिच्या कोपीमागे, म्हणजे तात्पुरत्या झोपडीमागे, शाळा कशी फिरणार? मूल गावातच ठेवणे हा त्यामानाने शहाणा मार्ग आहे.

योजना कागदावर ठीक आहे. ती मोडते वेळापत्रकात. ट्रॅक्टर निघतो तेव्हा शाळेला दिवाळीची सुट्टी असते. शाळा बंद, पोषण आहार बंद, शिक्षक आपापल्या गावी, आणि वसतिगृहाचा प्रस्ताव मंजुरीच्या वाटेवर. पुढे मंजुरी येते आणि निधी त्याच्याही नंतर येतो. मूल ठेवायचे की न्यायचे हे आईने ठरवायचे ते याच पंधरा दिवसांत, आणि त्या वेळी शाळेत कोणीच नसते. आजीला दोन वेळचे पेलत नाही, मग मूल ट्रॉलीत चढते. एकदा चढलेले मूल डिसेंबरात निधी आला म्हणून कोल्हापूरहून परत येत नाही. म्हणून स्वयंसेवकांकडे वर्षाला एकच रक्कम आणि मोजकेच हात असतील, तर ते दसरा ते दिवाळीनंतरचा पहिला आठवडा एवढ्यात लावावेत. जूनच्या दप्तरांचे पैसे राखून ठेवले तरी चालतील.

सप्टेंबरची यादी

गणपती उठले की घरोघरी जाऊन यादी करायची. शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि गावातलाच एखादा बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी, असे तिघे पुरतात. बाहेरचा स्वयंसेवक सोबत असावा, पण प्रश्न त्याने विचारू नयेत. त्याच्यासमोर "पोरं इथंच ठेवणार" असे गोड उत्तर मिळते आणि दिवाळीत घराला कुलूप दिसते.

यादीत मुलाचे नाव आणि इयत्ता याखेरीज पुढच्या गोष्टी हव्यात: उचल कोणाकडून घेतली, मुकादमाचा फोन, कुठला कारखाना, ट्रॅक्टरची टोळी की बैलगाडी; गावात मागे कोण राहणार, त्या माणसाचे वय, दिसते का, चालता येते का; आणि घरात सर्वांत धाकटे मूल किती महिन्यांचे. या शेवटच्या रकान्याकडे नवख्यांचे हमखास दुर्लक्ष होते. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेतून जाते ती बहुतेक वेळा धाकट्याला सांभाळायला. आई फडात मोळ्या बांधत असते, तेव्हा बांधावर बाळाजवळ कोणीतरी लागते. अंगावर पिणारे बाळ आईबरोबर जाणारच, आणि त्याच्यामागे ताईही जाते. त्या घरी शिक्षणाचे महत्त्व सांगत बसणे व्यर्थ आहे. बाळाचे काय, याचे उत्तर असेल तरच बोलावे. धाकटे तीन वर्षांचे असेल तर मार्ग निघतो. ते अंगणवाडीत, ताई शाळेत आणि दोघेही आजीकडे. दीड वर्षाचे असेल तर नाही निघत, आणि ते मान्य करून पुढच्या तयारीला लागावे.

नमुन्याच्या गावात 41 पैकी 26 मुलांच्या मागे भरवशाचे माणूस आहे. उरलेली 15 जाणार.

जाणाऱ्या पालकांकडून निघण्याआधी एक संमतीपत्र घ्यावे: मूल कोणाच्या ताब्यात, आजारी पडले तर दवाखान्यात नेण्याची परवानगी, दोन फोन नंबर, कसली अॅलर्जी किंवा फिट्स वगैरे. अंगठा चालेल, मजकूर मात्र मोठ्याने वाचून दाखवावा. रेशनकार्ड मात्र त्याच्याही आधी, ऑगस्टमध्येच बघावे. मुलाचे नाव आईबापाच्या कार्डावर आणि आजीचे कार्ड वेगळे, असे असेल आणि थंब द्यायला त्या कार्डावरचे कोणी गावात नसेल, तर प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिना 5 किलोचे त्या मुलाचे धान्य अडते. तहसीलमधले नाव फिरवण्याचे काम ऑगस्टमध्येच सुरू केले तर दिवाळीपर्यंत उरकण्याची आशा धरता येते.

शिधा आणि भाकरीचा घोळ

26 मुले, 150 दिवस. संध्याकाळचे दर मुलामागे ज्वारीचे पीठ 110 ग्रॅम, डाळ 30 ग्रॅम, भाजी 75 ग्रॅम, तेल 10 ग्रॅम. सकाळी पोहे, रवा किंवा दलिया 40 ग्रॅम. म्हणजे हंगामाला ज्वारी 429 किलो, तूरडाळ 117 किलो, भाजी सुमारे 292 किलो, तेल 39 किलो, नाश्त्याचे 156 किलो. आठवड्याला दोन अंडी धरली तर 21 आठवड्यांची 1,092. यात एक गोष्ट हटकून राहते: रविवार आणि सणावारी दुपारचा पोषण आहार शिजत नाही. असे 32 दिवस धरले तर तांदूळ 83 किलो आणि डाळ 17 किलो वेगळी लागते. ही न धरता केलेला हिशेब संक्रांतीच्या आसपास तुटतो आणि सोमवारी मुले उपाशीपोटी वर्गात येतात.

ज्वारी 40, तूरडाळ 130, तेल 140, भाजी 40, नाश्त्याचा जिन्नस 50 रुपये किलो आणि अंडे 7 रुपये धरले, मीठ-मसाला-शेंगदाणे-गूळ यांचे 9,000, गॅसच्या 12 टाक्यांचे 10,800, दोन स्वयंपाकिणींचे महिना 4,000 प्रमाणे पाच महिन्यांचे 40,000, संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेणाऱ्या ताईचे महिना 6,000 प्रमाणे 30,000, आणि साबण, कंदील, औषधे यांचे 15,000, तर बेरीज 1,75,000च्या घरात जाते. दर मुलामागे दिवसाला साधारण 45 रुपये.

पैशाइतकाच अवघड प्रश्न भाकरीचा. 26 मुलांच्या 52 भाकऱ्या. एका तव्यावर एकीला तीन मिनिटे म्हटले तरी अडीच तासांहून जास्त. दोन तवे लावले तर एक बाई त्यातच अडकते, दुसरी कालवणात, आणि गॅसचा अंदाज कोलमडतो. दोन आठवड्यांत स्वयंपाकीण सोडून जाते किंवा रोज खिचडी सुरू होते. रोजच्या खिचडीला मुले कंटाळतात आणि एकेक करून यायची थांबतात. यावर चालणारा तोडगा म्हणजे भाकरी घरी, कालवण शाळेत. दर रविवारी प्रत्येक आजीला मुलामागे 800 ग्रॅम पीठ मोजून द्यायचे; मूल संध्याकाळी घरून फडक्यात भाकरी घेऊन येते आणि वरण, भाजी, अंडे शाळेत वाढले जाते. त्या पिठातली एखादी भाकरी आजीच्या ताटात पडेल. पडू द्यावी. मूल टिकते ते आजीच्या जिवावर. आठवड्याला किलोभर पिठावरून तिच्याशी वाद घालणारा स्वयंसेवक पाहिला की हसावे की रडावे कळत नाही. दोन मुलांमागे आठवड्याला अर्धा किलो जादा पीठ तिच्या नावाने आधीच धरावे, म्हणजे चोरीचा प्रश्नच उरत नाही. एवढी दृष्टी किंवा ताकद नसलेल्या आजीची भाकरी शेजारणीकडे लावून द्यावी. स्वयंपाकिणी निवडताना त्यांची घरेही कोयत्याला जाणारी नाहीत ना, हे विचारावे. विचारले जात नाही आणि नोव्हेंबरात चूल थंड पडते.

पैसा कुठे घालायचा, कुठे नाही

वसतिगृहाला शासनाचा निधी मिळणारच असेल तर देणगीदाराने त्याच डाळीचे पैसे देऊ नयेत. एकाच मालाचे बिल शासनालाही आणि स्वयंसेवकांच्या संस्थेलाही लागले, तर लेखापरीक्षणात मुख्याध्यापक अडकतो, आणि पुढच्या वर्षी तो वसतिगृहाचा प्रस्तावच पाठवत नाही. त्याऐवजी गावातल्या किंवा बाजारगावच्या किराणावाल्याशी लेखी बोलावे: शाळा व्यवस्थापन समितीच्या नावावर उधारी, मर्यादा अमुक, निधी आला की समिती बिल भागवेल; अमुक तारखेपर्यंत आला नाही तर संस्था भागवेल आणि मग ते बिल शासनाकडे जाणार नाही. दुकानदाराला हमी पुरते. बहुतेक रक्कम प्रत्यक्ष खर्चच होत नाही, आणि पहिल्या दिवसापासून चूल पेटते. हमीचा ठराव समितीच्या इतिवृत्तात घ्यावा. समितीत पालक तीन चतुर्थांश असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला, पण नोव्हेंबरनंतर त्यातले बरेच फडावर असतात. म्हणून हा ठराव आणि खात्यावरच्या सह्यांची व्यवस्था दसऱ्याच्या आतच करावी. सही करणारा अध्यक्ष कर्नाटकात आणि चेकबुक शाळेत, असा प्रकार दुर्मीळ नाही.

रोख खर्च करावा तो योजनेच्या बाहेरच्या गोष्टींवर: दिवाळीच्या सुट्टीतले पंधरा दिवस, अंडी, संध्याकाळची ताई, उजेड, औषधे.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेची खोली उघडी राहावी यासाठी किल्ली आणि जबाबदारी लेखी घ्यावी. बाहेरच्या स्वयंसेवकांनी सलग मुक्काम करण्याची हीच एक वेळ. बाकी वर्षभर गावातली माणसे पुरतात. आईबाप गेल्यानंतरचे पहिले दहा दिवस मुले रडतात, जेवत नाहीत, एखादे मागून सुटलेल्या ट्रकमध्ये जाऊन बसते. किल्ला, फटाके, खेळ, दोन्ही वेळचे गरम जेवण आणि रात्री आठनंतर आईशी फोन, एवढे या दिवसांत झाले तर पुढची गळती कमी होते. फोन टोळी कोपीवर परतल्यावरच लागतो. दुपारी लावून "आई उचलत नाही" म्हणून मुलाला आणखी रडवू नये.

संध्याकाळ

साडेपाचला खेळ, सहा ते साडेसात अभ्यास, मग जेवण, सव्वाआठला घरी. अभ्यास इयत्तेप्रमाणे लावला तर वाया जातो. तिसरीतले मूल मागचे दोन हंगाम फडात होते, त्याला पुस्तकाचा धडा काय कळणार? पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट असे वाचायला देऊन गट पाडावेत आणि हीच चाचणी फेब्रुवारीत पुन्हा घ्यावी. 26 मुलांचे तीन-चार गट होतात. ताई खालच्या दोन गटांबरोबर बसते, वरचे गट एकमेकांना वाचून दाखवतात. ताईला शिक्षकांचा गृहपाठ पुरा करून घेण्याच्या कामाला जुंपू नये. दोन्ही शिक्षकांना हे आधी नीट सांगावे लागते.

घरी जाताना वस्तीनिहाय टोळकी, प्रत्येकात एक मोठे मूल आणि एक सौर कंदील. कंदील शाळेच्या नावाने ठेवावेत आणि सकाळी परत घेऊन उन्हात लावावेत. घरी दिले की तिसऱ्या दिवशी ते मोटारीपाशी पाणी धरायला जातात.

26 मुले रोज एकत्र बसू-खेळू लागली की महिन्याभरात खरूज येते. एकट्यावर उपचार करून ती जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मलम घेऊन सगळ्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचे, सकाळी धुवायचे, अंथरूण-कपडे गरम पाण्यात, आणि आठवड्याने पुन्हा तसेच. आजी स्वतःला लावायला नको म्हणते. मग दोन आठवड्यांत खरूज परत. रात्री काही झाले तर रुग्णवाहिकेसाठी 108. हा नंबर आणि जवळच्या जीपवाल्याचा नंबर आजीच्या घराच्या भिंतीवर खडूने मोठा लिहावा.

मुली शाळेत झोपवू नयेत. नाइलाज असेल तर गावातली ओळखीची, मानधनावरची बाई मुक्कामाला असली तरच. कुठलाही स्वयंसेवक एकट्या मुलाला घेऊन खोलीत बसणार नाही किंवा गाडीवरून नेणार नाही, आणि मुलांचे फोटो गावाच्या नावासह कुठे टाकणार नाही. आईबाप गावात नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असलेले मूल सर्वांत सोपे सावज असते. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्याने कळवणे बंधनकारक आहे. गावात मिटवू म्हणणाऱ्यांत स्वयंसेवक सामील झाला तर तोही गुन्हेगार ठरतो. मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर लक्षात ठेवावा. आई किंवा वडील वारलेल्या मुलांची यादी वेगळी काढून बालसंगोपन योजनेचे अर्ज भरून द्यावेत; महिना 2,250 रुपये आजीच्या घरात आले की पुढच्या हंगामाचा निर्णय बराच सोपा होतो.

जाणारी पंधरा

त्यांना शिक्षण हमी कार्ड मिळायला हवे. त्यावर मुलाची इयत्ता आणि पातळी असते आणि पोहोचल्या गावच्या शाळेने ते पाहून दाखल करून घ्यायचे असते. कायदा स्पष्ट आहे: स्थलांतरित मुलाला प्रवेश देणे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे, आणि दाखला नाही म्हणून शाळेला नाही म्हणता येत नाही. प्रत्यक्षात कार्ड पेटीच्या तळाशी जाते. टोळी कुठे उतरली हे मुकादमाला आठवड्याने विचारून, कारखान्याच्या गट कार्यालयातून गाव पक्के करून, तिथल्या मुख्याध्यापकाला फोन करणारा माणूस लागतो. हे काम पुण्या-कोल्हापुरात बसलेला स्वयंसेवक उत्तम करू शकतो आणि त्याला वह्या वाटायला बीडला यावे लागत नाही. टोळी हलली की फोन पुन्हा. पंधरापैकी काहींचेच जमते. बागलकोटकडे गेलेल्यांना जवळची शाळा कानडी मिळते. त्यांच्यासोबत पाठ्यपुस्तक, पाटी आणि गोष्टींची चार पुस्तके द्यावीत आणि परतल्यावर वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण मागावे. ते त्यांच्या हक्काचे आहे.

पाडव्यानंतर

मार्चमध्ये शाळा सकाळची होते आणि दुपार मोकळी पडते. उन्हात मुले विहिरीवर जातात, म्हणून ताईचा वर्ग शेवटच्या महिन्यात दुपारी हलवावा. काही आईबाप फेब्रुवारीतच परततात. आई आली म्हणून त्या मुलाचे जेवण लगेच बंद करू नये, आठवडाभर चालू ठेवावे. हमीचा हिशेब 31 मार्चच्या आत दुकानदार, समिती आणि संस्था तिघांच्या सह्यांनी बंद करावा. उरलेली ज्वारी पावसाळ्यात किडते, ती आज्यांना वाटून टाकावी.

चौथीच्या मुलींचे काम मात्र सुट्टी लागण्याआधीच करायचे असते. पाचवी शेजारच्या गावात, पाच-सहा किलोमीटरवर. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, काही मार्गांवर शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बसही आहे. पण पास काढण्यासाठी प्रवेश झालेला लागतो, आणि प्रवेशासाठी आईबाप गावात लागतात, ते एप्रिल-मेमध्येच असतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहेही सुरू झाली आहेत. जागा प्रत्येकी 100, म्हणून अर्ज लवकर हवा. मोठ्या बहिणी असलेल्या घरांत त्याच वेळी लग्नाची बोलणी चाललेली असतात. मुलगी अठरा वर्षांची नसेल तर ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, हे ताईला माहीत असावे, आणि त्याचा नंबर तिच्याकडे असावा. पास, प्रवेश आणि वसतिगृहाचा अर्ज यांचे कागद एकाच पिशवीत घालून ती पिशवी जूनपर्यंत आजीकडे ठेवावी. पुढचा मुकादम उचल घेऊन येतो तेव्हा घरात ती असलेली बरी.